बार्बरा स्टॅनविक : कोणत्याही एका साच्यात न बसलेली अभिनेत्री

अमेरिकी चित्रपटसृष्टीच्या सुवर्णकाळातील अष्टपैलू अभिनेत्रींमध्ये बार्बरा स्टॅनविक यांचे स्थान फार वरचे मानले जाते. १९२७ ते १९८६ अशी सुमारे सहा दशके त्या कॅमेऱ्यासमोर वावरल्या. या काळात त्यांनी सुमारे ८५ चित्रपटांत भूमिका केल्या आणि नंतर दूरचित्रवाणीच्या माध्यमातही मानाचे स्थान मिळवले. कौटुंबिक शोकनाट्य, विनोदी प्रेमकथा, गुन्हेगारी कथा, थरारपट आणि घोडदौडीने भरलेले वेस्टर्न चित्रपट अशा सर्वच प्रकारांत त्यांचा वावर सहज होता. असे असूनही उत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर पारितोषिक त्यांना कधीच मिळाले नाही. चार वेळा नामांकन मिळाले आणि चारही वेळा पारितोषिक दुसऱ्या अभिनेत्रीकडे गेले. त्यांच्या अष्टपैलुत्वाचे आणि या हुकलेल्या सन्मानाचे मूळ बऱ्याच अंशी एकाच गोष्टीत आढळते. त्या काळातील बहुतेक तारेतारकांप्रमाणे त्यांनी स्वतःला कोणत्याही एका स्टुडिओच्या स्वाधीन केले नाही.

पोरके बालपण

बार्बरा स्टॅनविक यांचे मूळ नाव रूबी कॅथरीन स्टीव्हन्स. १६ जुलै १९०७ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एका कष्टकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पाच भावंडांत त्या सर्वांत धाकट्या होत्या. रूबी चार वर्षांची असताना एका मद्यधुंद इसमाचा धक्का लागून तिची गर्भवती आई ट्राममधून खाली पडली आणि त्यातच तिचा मृत्यू झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत वडील पनामा कालव्याच्या खोदकामावर मजूर म्हणून निघून गेले, ते पुन्हा परतले नाहीत.

थोरली बहीण मिल्ड्रेड नाटक कंपन्यांमध्ये समूहनृत्यात काम करीत असे. तिला कामानिमित्त गावोगावी फिरावे लागे. त्यामुळे रूबी आणि तिचा भाऊ यांना पैसे घेऊन मुले सांभाळणाऱ्या निरनिराळ्या कुटुंबांत ठेवण्यात आले. एका घरी रुळावे तोच दुसऱ्या घरी जाण्याची वेळ यावी, असे हे बालपण होते. सुटीच्या दिवसांत बहिणीबरोबर दौऱ्यावर जाण्याची संधी मिळे. रंगमंचाच्या विंगेत उभे राहून रूबी नाच पाहत असे आणि पाहता पाहता शिकत असे.

शिक्षण फार काळ चालले नाही. चौदाव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली. ब्रुकलिनमधील एका मोठ्या दुकानात पुडकी बांधण्याचे आणि त्यानंतर टेलिफोन कंपनीच्या कचेरीत आठवड्याला १४ डॉलर पगारावर कारकुनीचे काम रूबीने केले. परंतु मन नृत्याकडेच ओढ घेत होते. १९२२ च्या सुमारास तिला न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध झीगफेल्ड फॉलीज या नृत्यसंगीताच्या कार्यक्रमात नर्तकी म्हणून प्रवेश मिळाला. पुढील काही वर्षे रात्रीच्या क्लबांतून नाचण्यात गेली.

१९२६ मध्ये नाटककार विलर्ड मॅक यांनी 'द नूस' या आपल्या नाटकात तिला भूमिका दिली. नाटकाच्या जुन्या जाहिरातीवरील दोन नावे जोडून बार्बरा स्टॅनविक हे नवे नाव याच वेळी ठेवण्यात आले. १९२७ मध्ये आलेल्या 'बर्लेस्क' या नाटकातील प्रमुख भूमिकेने ब्रॉडवेच्या रंगभूमीवर हे नाव प्रस्थापित केले. त्याच वर्षी 'ब्रॉडवे नाइट्स' या मूकपटात नर्तकीच्या छोट्या भूमिकेतून चित्रपटाशी त्यांचा पहिला संबंध आला. १९२८ मध्ये विनोदी नट फ्रँक फे यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि हे दाम्पत्य हॉलिवूडला आले.

कॅप्रा यांना गवसलेली अभिनेत्री

चित्रपटांना नुकताच आवाज मिळाला होता. संवाद नीट म्हणू शकणाऱ्या नटनट्यांची हॉलिवूडला गरज होती. तरीही बार्बरा स्टॅनविक यांचे सुरुवातीचे बोलपट अपयशी ठरले. निराश अवस्थेत त्या दिग्दर्शक फ्रँक कॅप्रा यांना भेटल्या. ही भेट चांगली झाली नाही आणि कॅप्रा यांनी त्यांचा विचार सोडून दिला. त्यानंतर फ्रँक फे यांनी दूरध्वनी करून आपल्या पत्नीची आधी चित्रित झालेली एक चाचणी पाहण्याचा आग्रह धरला. कॅप्रा यांनी ती पाहिली आणि आपला निर्णय बदलला, असे त्यांनी आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. त्यातून १९३० चा 'लेडीज ऑफ लेझर' हा कोलंबिया कंपनीचा चित्रपट तयार झाला.

या चित्रपटाच्या वेळी कॅप्रा यांच्या एक गोष्ट लक्षात आली. बार्बरा स्टॅनविक पहिल्याच टेकमध्ये आपले सर्वस्व ओतीत असत. तेच दृश्य पुन्हा पुन्हा घेतले की त्यातील जिवंतपणा ओसरत जाई. म्हणून कॅप्रा यांनी आपली कामाची रीत बदलली. इतर कलाकारांची तालीम त्या नसताना घेतली जाऊ लागली आणि पहिला टेक वाया जाऊ नये म्हणून एकाच वेळी अनेक कॅमेरे लावण्यात येऊ लागले. कॅप्रा आणि स्टॅनविक यांनी एकूण पाच चित्रपट एकत्र केले. त्यांपैकी १९३३ चा 'द बिटर टी ऑफ जनरल येन' हा न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये दाखवला गेलेला पहिला चित्रपट होय. चिनी सेनानी आणि अमेरिकी तरुणी यांच्यातील आकर्षणाची ही कथा त्या काळी अनेकांना पचली नाही.

स्टुडिओच्या चौकटीबाहेर

त्या काळातील हॉलिवूडचा कारभार समजून घेतल्याशिवाय बार्बरा स्टॅनविक यांच्या कारकिर्दीचे वेगळेपण ध्यानात येत नाही. मेट्रो गोल्डविन मेयर, पॅरामाउंट, वॉर्नर ब्रदर्स यांसारखे मोठे स्टुडिओ नटनट्यांशी सहसा सात वर्षांपर्यंतचा करार करीत. करार झाल्यावर कोणती भूमिका करायची हे स्टुडिओ ठरवी. भूमिका नाकारल्यास वेतन थांबवले जाई. त्याबदल्यात स्टुडिओ आपल्या तारकेची विशिष्ट प्रतिमा घडवी, तिच्यासाठी कथा लिहवून घेई आणि पारितोषिकांच्या वेळी तिच्यामागे आपली सर्व ताकद उभी करी.

बार्बरा स्टॅनविक यांनी मात्र १९३० च्या दशकाच्या आरंभी कोलंबिया आणि वॉर्नर अशा दोन कंपन्यांशी एकाच वेळी करार केले. मानधनाच्या प्रश्नावरून १९३१ मध्ये कोलंबियाने त्यांना न्यायालयात खेचले, पण त्यामुळे त्यांची स्वतंत्र वृत्ती बदलली नाही. दशकाच्या मध्यापासून चित्रपटागणिक किंवा मोजक्या चित्रपटांपुरता करार करणे हीच त्यांची पद्धत झाली. परिणामी त्यांना जवळजवळ सर्व मोठ्या कंपन्यांत आणि बिली वाइल्डर, हॉवर्ड हॉक्स, प्रेस्टन स्टर्जेस, किंग व्हिडॉर, सेसिल बी. डिमिल, फ्रिट्झ लांग, डग्लस सर्क अशा भिन्न प्रकृतीच्या दिग्दर्शकांकडे काम करता आले.

वॉर्नरसाठी केलेल्या चित्रपटांत १९३३ चा 'बेबी फेस' विशेष गाजला. गरिबीत आणि अत्याचारात वाढलेली एक तरुणी न्यूयॉर्कच्या एका बँकेत नोकरी मिळवते आणि पुरुषांच्या दुबळेपणाचा वापर करीत एकेक मजला वर चढत जाते, अशी ही कथा आहे. न्यूयॉर्कच्या सेन्सॉर मंडळाने हा चित्रपट नाकारला. त्यामुळे प्रदर्शनापूर्वी त्यात काटछाट करून शेवटही सौम्य करण्यात आला. मूळ आवृत्ती कायमची नष्ट झाली असे मानले जात होते. २००४ मध्ये ती अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात सापडली आणि २००५ मध्ये या चित्रपटाचा राष्ट्रीय चित्रपट वारशाच्या सूचीत समावेश झाला. मूळ रूपात पाहिल्यावर या भूमिकेतील धारदारपणा नव्या पिढीच्या प्रेक्षकांना उमगला.

'स्टेला डॅलस' ते 'द लेडी इव्ह'

१९३७ च्या 'स्टेला डॅलस' या चित्रपटासाठी निर्माते सॅम्युअल गोल्डविन यांची पहिली पसंती त्यांना नव्हती. आठ वर्षांत अनेक चित्रपट केलेल्या या अभिनेत्रीला या भूमिकेसाठी चाचणी द्यावी लागली. आपल्या गावंढळ वागण्यामुळे मुलीचे भवितव्य बिघडेल हे ओळखून तिला स्वतःपासून दूर लोटणाऱ्या आईची ही कथा आहे. वयाच्या तिसाव्या वर्षी त्यांनी तरुण मुलीच्या आईची भूमिका स्वीकारली. अंगावर भर दाखवण्यासाठी कपड्यांखाली जाड अस्तर घातले आणि भडक, बेढब पोशाखांत त्या वावरल्या. मुलीचा विवाह मोठ्या घरात होत असताना भर पावसात रस्त्यावर उभी राहून खिडकीतून तो पाहणारी आई, हे या चित्रपटातील अखेरचे दृश्य जगभर गाजले. या भूमिकेने त्यांना ऑस्करचे पहिले नामांकन मिळाले. पारितोषिक मात्र 'द गुड अर्थ'साठी लुइझ रायनर यांना देण्यात आले.

१९३९ मध्ये 'गोल्डन बॉय' या चित्रपटाच्या वेळी विल्यम होल्डन हा नवखा नट त्यांच्यासमोर होता. त्याचे काम समाधानकारक नसल्याने त्याला काढून टाकण्याचा विचार सुरू झाला. बार्बरा स्टॅनविक यांनी त्याची बाजू घेतली आणि चित्रीकरणानंतरच्या वेळात त्याच्याकडून दृश्यांची तयारी करवून घेतली. होल्डन पुढे मोठे नट झाले आणि हे ऋण ते कधी विसरले नाहीत.

१९४१ हे वर्ष त्यांच्या अष्टपैलुत्वाचा उत्तम नमुना ठरावे. या एका वर्षात त्यांचे चार चित्रपट प्रदर्शित झाले. प्रेस्टन स्टर्जेस यांच्या 'द लेडी इव्ह'मध्ये त्या जहाजावर श्रीमंतांना पत्त्यांत गंडवणारी तरुणी होत्या. कॅप्रा यांच्या 'मीट जॉन डो'मध्ये त्यांनी वार्ताहर रंगवली. 'यू बिलाँग टू मी'मध्ये त्या डॉक्टर झाल्या, तर हॉवर्ड हॉक्स यांच्या 'बॉल ऑफ फायर'मध्ये ज्ञानकोश लिहिणाऱ्या प्राध्यापकांच्या घरात आसरा घेणारी क्लबमधील गायिका. या शेवटच्या भूमिकेसाठी दुसरे ऑस्कर नामांकन मिळाले. त्या वर्षीचे पारितोषिक 'सस्पिशन'साठी जोन फोंटेन यांना मिळाले.

'मीट जॉन डो'ची कथा भारतीय प्रेक्षकांना अनोळखी नाही. नोकरीवरून काढून टाकलेली वार्ताहर समाजातील अन्यायाच्या निषेधार्थ आत्महत्येची घोषणा करणाऱ्या एका काल्पनिक माणसाचे पत्र छापते आणि मग त्या माणसाला खरोखर उभे करावे लागते. याच कथासूत्रावर टिनू आनंद यांनी १९८९ मध्ये 'मैं आज़ाद हूँ' हा हिंदी चित्रपट दिग्दर्शित केला. त्यात अमिताभ बच्चन यांच्यासमवेत वार्ताहराची भूमिका शबाना आझमी यांनी केली होती.

खलनायिका होण्याचे धाडस

१९४४ च्या 'डबल इन्डेम्निटी' या चित्रपटासाठी बिली वाइल्डर यांनी त्यांना विचारले. विम्याच्या रकमेसाठी नवऱ्याचा खून घडवून आणणाऱ्या थंड रक्ताच्या स्त्रीची ही भूमिका होती. प्रेक्षकांची सहानुभूती लाभलेल्या नायिकेने अशी भूमिका करणे त्या काळी धोक्याचे समजले जाई. त्यांनाही भीती वाटली, परंतु वाइल्डर यांनी त्यांच्यातील अभिनेत्रीलाच आव्हान दिले आणि त्यांनी होकार दिला. फ्रेड मॅकमरे यांनी विमा विक्रेत्याचे काम केले. भडक सोनेरी केसांचा टोप आणि पायातील साखळी घालून वावरणारी ही फिलिस म्हणजे 'फिल्म न्वार' या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या काळोख्या गुन्हेपटांतील मोहिनी स्त्रीचा आदर्श नमुना ठरली.

या चित्रपटातील खुनाचे दृश्य त्यांच्या अभिनयाची ओळख पटवण्यास पुरेसे आहे. मोटारीत शेजारच्या आसनावर नवऱ्याचा गळा आवळला जात असताना कॅमेरा फक्त गाडी चालवणाऱ्या फिलिसच्या चेहऱ्यावर स्थिर राहतो. खून पडद्यावर दिसत नाही, तो तिच्या चेहऱ्यावर उमटतो. या चित्रपटाला सात ऑस्कर नामांकने मिळाली, पण एकही पारितोषिक मिळाले नाही. त्या वर्षी उत्कृष्ट अभिनेत्री म्हणून 'गॅसलाइट'साठी इनग्रिड बर्गमन यांची निवड झाली. मात्र त्याच वर्षी सरकारी नोंदीनुसार बार्बरा स्टॅनविक या अमेरिकेत सर्वाधिक कमाई करणाऱ्या महिला होत्या. त्यांचे वार्षिक उत्पन्न सुमारे ४ लाख डॉलर होते.

१९४८ च्या 'सॉरी, राँग नंबर'मध्ये त्यांनी अंथरुणाला खिळलेल्या स्त्रीची भूमिका केली. दूरध्वनीच्या जोडणीत गोंधळ होऊन एका खुनाचा कट तिच्या कानावर पडतो आणि तो आपल्याच खुनाचा आहे हे तिला हळूहळू कळत जाते. चित्रपटाचा मोठा भाग त्यांनी एका पलंगावर, हातात दूरध्वनी घेऊन पेलला. चौथे आणि अखेरचे नामांकन याच भूमिकेसाठी मिळाले. पारितोषिक 'जॉनी बेलिंडा'साठी जेन वायमन यांना मिळाले.

मोठे स्टुडिओ आपल्या करारबद्ध तारकांसाठी पारितोषिकांच्या वेळी जोर लावीत. बार्बरा स्टॅनविक यांच्यामागे असे कोणतेही एक घर नव्हते. त्यांच्या चार नामांकनांचे चित्रपट चार निरनिराळ्या दिग्दर्शकांचे होते आणि त्यांतील चार स्त्रियांमध्ये काहीही साम्य नव्हते. त्यांचे पुरस्कार हुकण्याचे हे एक कारण अनेक अभ्यासक देतात. स्वातंत्र्यामुळे हव्या त्या भूमिका मिळाल्या, पण त्याची किंमतही मोजावी लागली.

खासगी जीवन

पडद्यावर यश मिळत असताना घरात मात्र स्वास्थ्य नव्हते. फ्रँक फे यांची कारकीर्द उतरणीला लागली आणि मद्यपान वाढले. १९३२ मध्ये या दाम्पत्याने एक मुलगा दत्तक घेतला होता. १९३५ मध्ये विवाह संपुष्टात आला. १९३९ मध्ये त्यांनी मेट्रोचे देखणे नट रॉबर्ट टेलर यांच्याशी विवाह केला. हा विवाहही १९५१ मध्ये घटस्फोटाने संपला. त्यानंतर त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. दत्तक मुलाशी असलेले संबंधही पुढे तुटले. 'स्टेला डॅलस'मध्ये आईच्या मायेचे सर्वोच्च रूप दाखवणाऱ्या या अभिनेत्रीच्या आयुष्यातील ही बाजू चरित्रकारांना नेहमीच अस्वस्थ करीत आली आहे.

राजकीय विचारांनी त्या कडव्या रूढिवादी होत्या. साम्यवादाच्या विरोधात हॉलिवूडमध्ये स्थापन झालेल्या संघटनेशी त्यांचा आणि टेलर यांचा संबंध होता. त्या मोहिमेत अनेक सहकाऱ्यांची उपजीविका गेली, हेही विसरता येत नाही.

चित्रीकरणस्थळी मात्र त्यांच्याविषयी आदराचीच भावना असे. दिवे लावणारे, सुतारकाम करणारे, कॅमेरा ढकलणारे अशा सर्व कामगारांना त्या नावाने ओळखत. स्वतःचेच नव्हे तर इतरांचेही संवाद पाठ करून वेळेच्या आधी हजर राहण्याबद्दल त्यांची ख्याती होती.

घोड्यावरून दूरचित्रवाणीकडे

चाळिशी उलटलेल्या नायिकांना हॉलिवूड सहसा बाजूला सारीत असे. बार्बरा स्टॅनविक यांनी या काळात वेस्टर्न चित्रपटांचा मार्ग धरला. १९३५ चा 'अॅनी ओकली' आणि १९३९ चा 'युनियन पॅसिफिक' यांतून त्यांना या प्रकाराची गोडी लागली होती. १९५० च्या 'द फ्युरीज'मध्ये त्यांनी जमीनदार बापाशी टक्कर घेणारी मुलगी उभी केली. १९५७ च्या 'फॉर्टी गन्स'मध्ये चाळीस बंदूकधारी स्वारांची म्होरकी होऊन त्या पडद्यावर आल्या. वादळाच्या एका दृश्यात रिकिबीत पाय अडकलेल्या नायिकेला घोडा जमिनीवरून फरफटत नेतो. हे दृश्य स्टंटमननी धोकादायक ठरवले, तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर असलेल्या बार्बरा स्टॅनविक यांनी ते स्वतः केले.

त्यानंतर मात्र चित्रपट मिळणे कमी झाले. १९५७ नंतर पाच वर्षे त्यांचा एकही चित्रपट आला नाही. १९६४ च्या 'राउस्टअबाउट'मध्ये त्यांनी गायक एल्विस प्रेस्ली यांच्यासह काम केले. त्याच वर्षीचा 'द नाइट वॉकर' हा चित्रपटगृहांसाठी केलेला त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला. त्यात रॉबर्ट टेलर त्यांच्यासोबत होते.

अनेक तारका दूरचित्रवाणीला कमी लेखीत असताना त्यांनी या माध्यमाचे मनापासून स्वागत केले. १९६०-६१ मधील 'द बार्बरा स्टॅनविक शो'साठी त्यांना एमी पुरस्कार मिळाला. १९६५ ते १९६९ या काळात चाललेल्या 'द बिग व्हॅली' या मालिकेत त्यांनी कॅलिफोर्नियातील एका शेतमळ्याची कर्तबगार विधवा मालकीण साकारली. या मालिकेचे ११२ भाग प्रसारित झाले आणि १९६६ मध्ये त्यांना दुसरा एमी पुरस्कार मिळाला. १९८३ मध्ये 'द थॉर्न बर्ड्स' या मालिकेतील ऑस्ट्रेलियातील धनाढ्य वृद्धेच्या भूमिकेसाठी तिसरा एमी पुरस्कार त्यांच्या नावावर जमा झाला. तेव्हा त्या ७६ वर्षांच्या होत्या. 'द कोल्बीज' ही त्यांची शेवटची मालिका १९८६ मध्ये त्यांनी सोडली.

उशिरा मिळालेला सन्मान

१९७८ च्या ऑस्कर समारंभात विल्यम होल्डन आणि बार्बरा स्टॅनविक एकत्र मंचावर आले. ठरलेले निवेदन बाजूला ठेवून होल्डन यांनी चार दशकांपूर्वीच्या त्या मदतीबद्दल सर्वांसमक्ष त्यांचे आभार मानले. नोव्हेंबर १९८१ मध्ये होल्डन यांचे अपघाती निधन झाले. त्यानंतर चारच महिन्यांनी, मार्च १९८२ मध्ये, अकादमीने बार्बरा स्टॅनविक यांना मानद ऑस्कर देऊन गौरवले. आपल्याला हे पारितोषिक मिळावे अशी होल्डन यांची नेहमी इच्छा होती, याची आठवण काढून त्यांनी ते स्वीकारले. १९८७ मध्ये अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटनेही त्यांना जीवनगौरव पुरस्कार दिला.

दीर्घकाळच्या धूम्रपानामुळे त्यांना फुफ्फुसाचा आणि पुढे हृदयाचा विकार जडला. २० जानेवारी १९९० रोजी कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथे वयाच्या ८२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार अंत्यविधीचा समारंभ झाला नाही. त्यांची रक्षा कॅलिफोर्नियातील लोन पाइन परिसरात विखुरण्यात आली. याच डोंगराळ, उघड्या प्रदेशात त्यांच्या काही वेस्टर्न चित्रपटांचे चित्रीकरण झाले होते.

१९९९ मध्ये अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने जाहीर केलेल्या अमेरिकी पडद्यावरील थोर अभिनेत्रींच्या यादीत बार्बरा स्टॅनविक यांना अकरावे स्थान देण्यात आले. त्यांच्या पश्चात 'द लेडी इव्ह' आणि 'डबल इन्डेम्निटी' हे चित्रपट अभ्यासक्रमांत आणि महोत्सवांत सातत्याने दाखवले जात आहेत. १९३३ मध्ये सेन्सॉरच्या कात्रीत सापडलेला 'बेबी फेस'ही आता मूळ स्वरूपात उपलब्ध आहे. त्यांचे कोणतेही दोन चित्रपट लागोपाठ पाहिले, तरी दोन्हींत एकच अभिनेत्री आहे हे ध्यानात येण्यास थोडा वेळ लागतो.